साठ किलोचा भार आणि एक बोट : स्वस्त एअर रायफलचा जड ट्रिगर

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले नाहीत असा सोलापूरकर विरळाच. त्या बंदुकीचा घोडा आठवतो? लहानपणी तो ओढायला दोन बोटं लागायची. ओढता ओढता नळी सरकायची आणि शेजारचाच फुगा फुटायचा. आपण आपले ‘त्याच्यावरच नेम धरला होता’ म्हणून मोकळे.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःची एअर रायफल घेतली. नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, स्प्रिंग चढवायची, त्यातल्या त्यात स्वस्तातली. गच्चीवर दहा मीटर मोजून घेतले, मागच्या भिंतीला टेकवून पत्र्याचं खोकं ठेवलं, त्यात चादरीच्या चिंध्या ठासून भरल्या, पुढे कागद लावला. छरे मात्र गड्ड्यातल्यासारखेच कुठेही जात होते. नेमाचा दोष असेल म्हणून महिनाभर स्वतःलाच बोल लावला. मग एकदा ट्रिगरला प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल काटा अडकवला. आकडा आला ३ किलो ४०० ग्रॅम. रायफलचं वजनच तीन किलोच्या आसपास! म्हणजे जी वस्तू मी हलू न देता धरायला बघत होतो, तिच्या वजनाहून जास्त जोराने तिलाच मागे ओढत होतो.

याने किती बिघडतं ते हिशोबाने बघा. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ४५ सेंटीमीटर अंतर असतं. बोटाच्या ओढीने माशी खाचेच्या मानाने एक मिलिमीटर जरी बाजूला गेली, तर दहा मीटरवर छरा २२ मिलिमीटर बाजूला पडतो. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये अख्खं लक्ष्य ४५.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक घेतलं ते याच खेळात. त्या रायफलींचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास सुटतो. आपण त्या वाटेला जायचं नाही, का ते पुढे येईलच. पण ३ किलो ४०० हेही काही खरं नाही.

ट्रिगर जड का असतो हे कळलं की काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे निम्मं आपोआप कळतं. म्हणून आधी पोटात काय चालतं ते.

नळी मोडून खाली दाबली की आतला पिस्टन मागे सरकतो आणि मोठी स्प्रिंग दबते. पिस्टनच्या दांडीला खाच असते. त्या खाचेत पोलादाचा एक आकडा अडकतो आणि स्प्रिंगला रोखून धरतो. हा आकडा म्हणजे सिअर. ट्रिगर ओढला की तरफांमार्फत सिअर खाचेतून बाहेर सरकतो, पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबली जाते आणि छरा निघतो. इतकंच.

आता त्या आकड्यावर भार किती? छरा नळीतून १५ जूल ऊर्जा घेऊन निघतो असं धरू. स्प्रिंगच्या रायफलीत साठवलेल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच छऱ्याच्या वाट्याला येतो, म्हणजे स्प्रिंगमध्ये ४५ जूल हवेत. पिस्टन आठ सेंटीमीटर सरकत असेल तर ४५ भागिले ०.०८, म्हणजे सरासरी ५६० न्यूटन, आपल्या भाषेत ५७ किलो. पूर्ण दबलेल्या स्प्रिंगचा जोर सरासरीहून जास्तच, पण सोयीसाठी ६० किलो धरू. सिमेंटच्या पोत्याहून दहा किलो जास्त. एवढा भार नखाएवढ्या आकड्याच्या टोकावर तोललेला असतो आणि आपण एका बोटाने ते टोक सरकवून बाहेर काढणार असतो.

इथे मला आमच्या गल्लीतले जॉबरमामा आठवतात. यंत्रमागावर आणि चादरीत नक्षी विणणाऱ्या जेकार्डवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. मी रायफलचा लाकडी दस्ता काढून बसलो होतो, हातात बारीक कानस. मामा जिन्यातून वर आले.

‘‘काय करायलास बे? कानस कशाला?’’

‘‘ट्रिगर जड आहे मामा. तो आकडा जरा घासतो, म्हणजे पकड कमी होईल.’’

त्यांनी आधी कानस काढून घेतली, मग खाली वाकून खालच्या फटीतून तो आकडा बघितला. ‘‘हे तर आमच्या जेकार्डचं हूक हाय की. हूक सुरीवर बसतंय, सुरी वर गेली की दोरे वर. हुकाची कड एकदा गोल झाली ना, की सुटलंच ते. मग चादरीतला मोर लंगडा. तिथं मोर लंगडा झाला, इथं काय होईल?’’

मामांनी भौतिकशास्त्र कधी शिकलेलं नाही, पण मुद्दा बिनचूक होता. मी तो नंतर कागदावर मांडून पाहिला.

सिअर सरकवताना बोटाला जो जोर लागतो तो मुख्यतः घर्षणाचा. घर्षण म्हणजे भार गुणिले त्या दोन पृष्ठभागांचा गुणांक. पोलादावर पोलाद कोरडं घासलं तर हा गुणांक ०.५ च्या आसपास, चांगलं वंगण असेल तर ०.१ च्या आसपास. म्हणजे ६० किलोच्या भाराखाली कोरडा सिअर सरकवायला ३० किलो आणि वंगण दिलेला सरकवायला ६ किलो. मध्ये एकास चारची तरफ धरली तर बोटापाशी साडेसात किलो किंवा दीड किलो. आकडा तोच, खाच तीच, स्प्रिंग तीच. फरक फक्त कणभर वंगणाचा. कारखान्यातून येताना थोडं ग्रीस लागलेलं असतंच, त्यामुळे साडेसात किलोपर्यंत गोष्ट जात नाही. पण स्वस्त रायफलीत ते ग्रीस जिथे हवं तिथेच असेल याची खात्री नाही.

या सूत्रात क्षेत्रफळ कुठेच नाही, हे लक्षात आलं का? सिअर खाचेत दोन मिलिमीटर अडकला काय नि अर्धा मिलिमीटर, सरकवायचा जोर तोच. पकड कमी केली तर ट्रिगर हलका होत नाही, फक्त त्याचा प्रवास आखूड होतो. आणि पकड तेवढी कमी झाल्यामुळे धक्क्याने सुटायची भीती वाढते. ‘आकडा घासून पकड कमी करायची’ हा माझा बेत म्हणजे दुखणं पोटात आणि लेप पाठीला.

कोनाची गोष्ट तर याहून वाईट. आकड्याची टेकायची कड एका अंशाने जरी तिरकी झाली, तरी साठ किलोच्या भाराखाली एका किलोचा फरक पडतो, बोटापाशी पाव किलोचा. कड उलट्या बाजूला कलली तर ट्रिगर हलका लागतो, माणूस खूश होतो. पण ०.१ गुणांक म्हणजे जेमतेम पावणेसहा अंशांचा उतार. हाताने कानस मारताना सहा अंशांची चूक सहज होते, आणि ती झाली की वंगण लावलेला सिअर घर्षणाच्या जिवावर टिकतच नाही. बोट न लावता सुटतो. शिवाय असे भाग बऱ्याचदा वरवरच कडक केलेले असतात, वरची कडक साल पातळ असते. ती घासली गेली की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं आणि आज बरोबर असलेला कोन पाचशे छऱ्यांनंतर बरोबर राहत नाही. तेव्हा सिअरला कानस नाही, पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर तर नाहीच. इंटरनेटवर हे करून दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती जणांची रायफल वर्षभराने कशी आहे, हे कोणी दाखवत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात फुकटचा उपाय आधी. ट्रिगरच्या पात्यावर बोट कुठे ठेवता ते बघा. पातं म्हणजे तरफ, वरच्या खिळीभोवती फिरणारी. बोट खिळीपासून २० मिलिमीटरवर असताना ३ किलो ४०० लागत असतील, तर २८ मिलिमीटरवर, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकाजवळ, २ किलो ४०० च लागतात. बोट आठ मिलिमीटर खाली घेतलं आणि एक किलो गेला. प्रवास थोडा वाढतो, पण तो चालतो. आणि बोटाच्या पेराचा मऊ भाग पात्यावर ठेवा. सांध्याची घडी ठेवली तर बोट ओढताना बाजूला रेटतं, मग हलका ट्रिगरही नेम बिघडवतो.

दुसरं, दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलीला प्रत्येक छऱ्यागणिक हादरा बसतो, त्यात ते सैल होतात. सैल झाले की ट्रिगरचं पातं लाकडाला किंवा खालच्या कडीला घासायला लागतं आणि आपण ‘ट्रिगर खरखरतो’ म्हणून आतलं खोलायला निघतो. माझ्या रायफलीत पात्याच्या डाव्या बाजूला लाकडावर बारीक चकाकता ओरखडा होता. स्क्रू आवळले, तिथलं लाकूड केसभर खरवडलं, निम्मी खरखर गेली.

ट्रिगरच्या मागेपुढे छोटा स्क्रू दिसतो, त्याच्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण मी तिथेच फसलो. चांगल्या ट्रिगरचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट हलकेच मागे जातं, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर थोडा जोर दिला की छरा सुटतो. जर्मनीतल्या वायराउखचा रेकॉर्ड ट्रिगर यासाठी नावाजलेला आहे. त्यात तरफा एकीवर एक अशा लावलेल्या असतात, की स्प्रिंगचा मोठा भार टप्प्याटप्प्याने कमी होत बोटापर्यंत नाममात्र उरतो. स्वस्त रायफलीत तरफा कमी, म्हणून बोटावर भार जास्त. त्यातला स्क्रू बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याची लांबी बदलतो, कधी ट्रिगर परत आणणाऱ्या छोट्या स्प्रिंगचा ताण बदलतो, आणि काही रायफलींत थेट सिअरची पकड बदलतो. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. रायफलीबरोबर आलेल्या कागदावर कोणता स्क्रू कशाचा हे लिहिलेलं असतं, तो कागद टाकून देऊ नका. मी दिला होता.

तर मी तो स्क्रू उत्साहाने एक आख्खा फेरा आत घेतला. पहिला टप्पा गायबच झाला. बोट लावलं की सुटतंय! एकदम स्पर्धेतल्यासारखं वाटलं. मग नशिबाने एक चाचणी करायची बुद्धी झाली. स्प्रिंग चढवली, छरा भरला, नळी चिंध्यांच्या खोक्यात रोखली आणि ट्रिगरपासून बोट लांब ठेवून दस्त्याच्या मागच्या टोकाला रबरी हातोडीने टकटक केलं. दुसऱ्याच टोल्याला फट्! छरा चिंध्यांत. मी तो स्क्रू पकडीचाच होता हे असं शिकलो. सेफ्टी लावलेली होती हेही सांगितलं पाहिजे. बऱ्याच स्वस्त रायफलींत सेफ्टी फक्त ट्रिगरचं पातं अडवते, सिअरला धरत नाही. सिअर आपणहून घसरला तर सेफ्टी काही कामाची नाही.

तेव्हा स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही. मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण, किती फेरे दिले ते वहीत, आणि दर बदलानंतर हातोडीची चाचणी. त्यात एकदाही सुटली तर मागे या.

वंगणाकडे वळू, खरी मजा तिथे आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाचा काळा पदार्थ असतो. गाडीच्या एक्सलच्या जॉइंटमध्ये जे काळं ग्रीस भरतात त्यात बहुधा हेच असतं, ऑटोमोबाइलच्या दुकानात ‘मॉली ग्रीस’ म्हणून मागा. साधं ग्रीस साठ किलोच्या दाबाखाली मधून पिळून बाहेर निघतं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांना गच्चीवर ठेवलं तर ओघळूनही जातं. मॉलीचे कण घन असतात, पत्त्यांच्या थरासारखे एकमेकांवरून सरकतात. तेल ओघळलं तरी ते पोलादाला चिकटून राहतात. आकड्याखाली नेमकं हेच हवं.

आधी जुनी घाण काढायची. आमच्याकडे धुळीला तोटा नाही, त्यात मागांच्या कापसाचे बारीक तंतू. ग्रीसमध्ये मिसळले की त्याची पेस्ट होते, वंगण कमी आणि पुट्टी जास्त. रायफल मोकळी आहे, म्हणजे स्प्रिंग चढलेली नाही आणि नळीत छरा नाही, हे दोनदा बघा. दस्त्याचे स्क्रू काढून दस्ता वेगळा करा. नळकांड्याच्या खालच्या फटीतून सिअर दिसतो. केरोसीनमध्ये ओलवलेल्या फडक्याची बारीक गुंडाळी करून तेवढा भाग पुसा, कोरडा होऊ द्या, आणि टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढं मॉली घेऊन आकड्याच्या टेकायच्या कडेला लावा. तरफ जिथे तरफेवर घासते तिथे अजून तेवढंच. पात्याच्या खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. संपलं.

मोहरीएवढं म्हणजे मोहरीएवढंच. जास्तीचं वंगण पुढे पिस्टनच्या घरात गेलं तर हवा दाबली जाताना इतकी तापते की तेल पेट घेतं. मोठा फटाका फुटल्यासारखा आवाज, जळका वास, नळीतून धूर. डिझेल इंजिनाचं तत्त्वच ते. गंमत वाटते, पण छरा भलत्याच वेगाने जातो आणि पिस्टनचं सील खराब होतं. म्हणूनच फवाऱ्याच्या डब्यातलं तेल आत मारायचं नाही.

दस्ता काढलेला असताना कुठलीही आडवी खिळी ठोकून बाहेर काढू नका. ट्रिगरचा सांगाडाच बऱ्याच रायफलींत मोठ्या स्प्रिंगचं मागचं टोक अडवून धरतो, आणि ती स्प्रिंग रायफल मोकळी असतानाही थोडी दाबलेलीच असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंज्याशिवाय खिळी काढली की ती स्प्रिंग तोंडावर येते. आणि दस्ता नसताना स्प्रिंग चढवायची नाही.

छोटी परतीची स्प्रिंग बदलून बॉलपेनची घालायची, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. दोन-तीनशे ग्रॅम कमी होतातही. पण अनेक रायफलींत तीच स्प्रिंग सिअरला परत खाचेत लोटते. ती मरतुकडी असली की सिअर अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेला सिअर नळी उघडी असताना घसरला तर नळी सापळ्यासारखी वर येऊन मिटते. त्या वेळी आपला अंगठा नेमका तिथे छरा बसवत असतो. पेरं तुटतात यात. म्हणून ही स्प्रिंग मी बदललेली नाही. आणि ट्रिगर कितीही चांगला असो, छरा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली असलीच पाहिजे. हे मी लहान भाच्याला आधी शिकवलं, नेम नंतर.

मोजताना एक खबरदारी. ट्रिगरला पाण्याची बाटली लटकवून वजन काढायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. त्यात रायफल उभी धरावी लागते, म्हणजे नळी आभाळाकडे. बरं, छरा न भरता चालवावी तर पिस्टनसमोर हवेची उशी राहत नाही, तो पुढच्या टोकावर आदळतो आणि सील व स्प्रिंग दोन्हींचं नुकसान. तेव्हा रायफल उशीवर आडवी टेकवा, छरा भरा, नळी खोक्याकडे, आणि बॅगेच्या काट्याचा आकडा पात्याच्या मध्यावर अडकवून सरळ मागे हळूहळू ओढा. पाच वेळा मोजा. सरासरीइतकंच पाच आकड्यांमधलं अंतरही महत्त्वाचं. माझे आधीचे आकडे २ किलो ९०० पासून ३ किलो ९०० पर्यंत उड्या मारत होते. दर वेळी वेगळ्या ठिकाणी सुटणाऱ्या ट्रिगरला बोट शिकणार तरी कसं? नुसता जड पण एकसारखा ट्रिगर मला एकवेळ परवडेल.

कायद्याचंही एका वाक्यात : साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असली की शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागतो, आणि पाखरांवर छरे मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. माळढोकांसाठी अभयारण्य राखलेलं नान्नज आपल्या दाराशी असताना हे सांगावं लागू नये, पण लागतं.

मॉली लावल्यावर पंधरावीस छरे मारले, म्हणजे ते कडेवर नीट पसरतं. मग मोजलं. २ किलो १००, आणि पाचही आकडे शंभर ग्रॅमच्या आत. बोट पात्याच्या खालच्या टोकाला नेलं की दीड किलो. स्प्रिंगच्या स्वस्त रायफलीला मी याच्या खाली जाणार नाही. आज स्पर्धेतल्या ज्या रायफलींना शंभर ग्रॅमचे ट्रिगर असतात त्यांत साठ किलोची स्प्रिंग सिअरवर बसलेली नसते. त्या आधीच दाबून ठेवलेल्या हवेवर चालतात, त्यांच्या ट्रिगरला फक्त हवेची झडप उघडणारा छोटा हातोडा सोडायचा असतो.

संध्याकाळी मामा आले. त्यांना खुर्चीवर बसवलं, रायफल उशीवर टेकवून दिली, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. पाच छरे मारले त्यांनी. चार एका रुपयाखाली झाकले जातील असे, पाचवा जरा वर.

‘‘हां,’’ मामा म्हणाले, ‘‘आता हूक सुरीवर बसलं.’’ मग खिशातून माझी कानस काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि खाली गेले.